फ्रिजमधलं आईचं दूध ‘मेलेलं’ नसतं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. मथळा ‘नोकरी करणाऱ्या आयांनो, सावधान’ आणि शेवटी जोडलेले हात. दावे थोडक्यात असे. पंपाने काढून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध मेलेलं असतं, ते बाळाला बाधतं. दिवसभर छातीत साठलेलं दूध शिळं होतं. पंप लावला की दूध आटतं. पंपात पन्नास मिली आलं म्हणजे दूध कमीच आहे. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधात काही उरत नाही. आणि सरकार सहा महिने रजा देतंच, मग कामावर दूध काढायची थेरं कशाला? उपाय म्हणून पावडरचा डबा सुचवलेला असतो.

मेसेज सोप्या, घरगुती मराठीत आहे आणि त्याचं बळ तिथंच आहे. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर स्तनपानाची नीट माहिती असते, पण कन्नडमधून. कामगार कायद्याचा फलकही कन्नड नाहीतर इंग्रजीत. आपल्यातल्या बऱ्याच जणींना कन्नड बोलता येतं, बाजारहाट होतो, पण अख्खा परिच्छेद वाचायचा म्हटलं की गाडी अडते. मग जे मराठीतून हातात पडतं तेच खरं वाटतं. म्हणून हे एकेक करून मराठीतच खोडायला हवं.

‘मेलेलं दूध’ आधी घेते, कारण भीती तिथंच जास्त आहे. आईच्या ताज्या दुधात जिवंत पेशी असतात आणि रोगाशी लढणारी प्रतिपिंडं असतात. फ्रिजमध्ये ठेवल्याने ही प्रतिपिंडं नाहीशी होत नाहीत. दूध गोठवलं तर पेशी मरतात आणि क जीवनसत्त्व काहीसं घटतं. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. अशा पेढीत दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, गोठवून ठेवतात, आणि मग देतात कुणाला, तर दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, किलो-दीड किलोच्या बाळांना. सगळ्यांत नाजूक बाळांसाठी डॉक्टर जे दूध मुद्दाम मागवतात, ते बाधणारं कसं असेल?

बाधतं ते नीट न ठेवलेलं दूध. तेव्हा हिशेब पाठ करून ठेवावा. बाहेर, २५ अंशांपर्यंतच्या हवेत, ४ तास. फ्रिजमध्ये ४ दिवस, पण दारात नाही, आतल्या बाजूला, कारण दार उघडझाप होताना तिथलं थंडपण सारखं कमी होतं. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये ६ महिने. एकदारी फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याला मात्र हा हिशेब लावू नका, तिथलं दूध दोनेक आठवड्यांत संपवा. गोठलेलं दूध वितळवलं की फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत वापरायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं २ तासांनंतर टाकून द्यायचं. वीज जाऊन आली तर घाबरून सगळं ओतू नका. दुधात अजून बर्फाचे कण असतील तर ते गोठलेलंच धरतात.

बेळगाव थंड हवेचं, असं आपण पाहुण्यांना सांगतो खरं. पण एप्रिल-मेमध्ये उद्यमबागेत किंवा मच्छ्याला कारखान्याच्या पत्र्याच्या शेडखाली उभी असणारीनं त्यावर विसंबू नये. अथणी-रायबागकडे तर ऊन आणखी कडक. तिथं ४ तासांचा हिशेब धरू नका, दूध काढल्या काढल्या थंडच करा. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड बॅगेत दूध २४ तास राहतं, म्हणजे संध्याकाळी खानापूरची बस उशिरा आली तरी काही बिघडत नाही. बॅग परवडत नसेल तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ भरा आणि त्यात घट्ट झाकणाची, उकळून घेतलेली स्टीलची डबी ठेवा. महागड्या पिशव्यांवाचून अडत नाही.

खरी गंमत घरी पोचल्यावर होते. आपल्याकडे दूध घरात आलं की ते गॅसवर चढतं, हा हाताला लागलेला नियम आहे. सून सकाळी डबी देऊन जाते आणि सासूबाई मायेनं दूध उतू जाईपर्यंत उकळतात. आईचं दूध उकळायचं नसतं. उकळलं की त्यातली प्रतिपिंडं जातात. कोमट पाण्याच्या वाटीत डबी ठेवली की पुरे. मायक्रोवेव्हही नको, त्यात दूध एका जागी गार आणि एका जागी तोंड भाजेल इतकं गरम होतं. फ्रिजमध्ये वर साय धरल्यासारखी दिसते, ती हलकेच फिरवून मिसळा. कधी साबणासारखा वास येतो, तो दुधातल्याच एका पाचक रसामुळे, स्निग्धांश सुटल्याने. ते नासलेलं नसतं. आंबूस वास आला तर मात्र टाका. पाजायला बाटलीच लागते असंही नाही. आज्जीच्या कपाटातलं बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) किंवा वाटी-चमचा उकळून घेतला की काम होतं, आणि बाटलीच्या बुचापेक्षा तो नीट घासून निघतो.

‘छातीतलं दूध शिळं होतं’ हा दावा मेसेजच्या किती तरी आधीपासून घराघरांत आहे. “अगं, उन्नातनं आलीस न्हवं? पहिलं दूध पिळून टाक, मग घे बाळाला,” हे कामावरून परतलेल्या कुठल्या बाईनं ऐकलेलं नाही? दूध शरीराच्या आतच असतं, शरीराच्या उष्णतेला. तुम्ही उन्हातून आलात म्हणून ते तापत नाही, आणि आठ तास साठलं म्हणून आंबत नाही. छाती भरलेली असताना सुरुवातीचं दूध थोडं पातळ येतं, मागाहून येतं त्यात स्निग्धांश जास्त. दोन्ही बाळाच्या कामाचं. घाम पुसा, हातपाय धुवा, घोटभर पाणी प्या आणि पाजा. पिळून टाकलेल्यात तोटा बाळाचाच.

साठवून ठेवण्यात धोका आहे, पण तो आईला. छाती दगडासारखी होते, गाठी येतात, दुखतं, कधी ताप भरतो. आणि इथंच ‘पंपाने दूध आटतं’ हा दावा उलटा ठरतो. छातीत दूध साचून राहिलं की शरीर ‘आता कमी पुरे’ असं समजून बनवणं मंद करतं. रिकामी होत राहिली की बनवत राहतं. म्हणजे कामावर दूध न काढणं हाच दूध आटवण्याचा खात्रीचा रस्ता. आटतं ते कधी? कामाच्या गडबडीत दिवसभर एकदाच काढलं, घरी आल्यावर दमून रात्रीही पावडर दिली, तेव्हा. रात्री दूध बनवणारा प्रोलॅक्टिन हा हार्मोन वाढलेला असतो. म्हणून रात्रीचं आणि सुट्टीच्या दिवसांचं अंगावर पाजणं सोडू नये. पंपाचा छातीला लावायचा नरसाळ्यासारखा भाग मापाचा नसेल तर दुखतं आणि दूधही नीट येत नाही, तेव्हा जावेचा किंवा मैत्रिणीचा पंप उसना घेण्याआधी विचार करा. एकीसाठी म्हणून बनवलेला पंप दुसरीनं वापरायचाच नसतो, कारण त्याच्या नळीत आणि मोटरीत शिरलेलं दूध धुऊन निघत नाही.

पन्नास मिलीवरून रडू आलेल्या किती तरी जणी असतील. बाळ ज्या ताकदीनं ओढतं तसं कुठलंही मशीन ओढत नाही, आणि साहेबाची हाक कधी येईल या धास्तीत पान्हा लवकर फुटतही नाही. बाटलीत काय दिसतं यावरून छातीत किती आहे ते कळत नाही. महिन्याच्या बाळापासून सहा महिन्यांच्या बाळापर्यंत दिवसाचं दूध सरासरी ७५० ते ८०० मिलीच्या आसपास राहतं; बाळ मोठं झालं म्हणून ते दर महिन्याला वाढवावं लागत नाही. आई आठ-नऊ तास बाहेर असेल तर तासाला साधारण ३० मिली धरून अडीचशे-पावणेतीनशे मिली मागे ठेवलं की बहुतेकांचं भागतं. तीनदा काढून, दर वेळी ऐंशी-शंभर. पन्नास आलं तर हे काही रिकामेपण नाही, आणखी एकदा बसायचं एवढंच. दूध पुरतंय का हे पाहायचं असेल तर लंगोट मोजा, दिवसाला सहा किंवा जास्त ओल्या झाल्या तर ठीक. आणि अंगणवाडीतलं वजन बघा. वजन वाढत नसेल तर डॉक्टरकडे जा, मेसेजकडे नको.

‘सहा महिन्यांनी काही उरत नाही’ यावर फार वेळ घालवायला नको. सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू करायचं असतं ते दूध निकामी झालं म्हणून नव्हे, बाळाची गरज वाढली म्हणून. सहा महिने ते वर्ष या काळात बाळाला लागणाऱ्या उष्मांकांपैकी निम्मे किंवा अधिक, आणि वर्ष ते दोन वर्षांत तिसरा हिस्सा आईच्या दुधातून मिळू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पावडरचं म्हणाल तर ती विष नाही. कधी ती लागते आणि डॉक्टर सांगतील तेव्हा द्यावीच. पण ती निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली जायच्या आत त्यात कालवायचं, मग निववून पाजायचं. आपल्याकडे ती बहुधा कोमट पाण्यात कालवतात. भारतात १९९२ च्या कायद्याने अशा पावडरीची जाहिरात करायला बंदी आहे, आणि डब्यावर आईचं दूधच उत्तम असं छापावं लागतं. मग जोडलेल्या हातांच्या मेसेजमधून ती सुचवली जाते तेव्हा ती कशासाठी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता रजा. मेसेज म्हणतो सहा महिने मिळतातच. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे बरोबर. पण ती पहिल्या दोन मुलांसाठी. तिसऱ्याला १२ आठवडेच. मिळायला आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. आणि २६ पैकी ८ आठवड्यांपर्यंत रजा बाळंतपणाआधी घेता येते. पाय सुजलेत, दिवसभर उभं राहून काम, म्हणून जिनं ती आठही घेतली, तिच्या हातात नंतर १८ उरतात. ती कामावर येते तेव्हा बाळ चार महिन्यांचं असतं, आणि त्याला पाणीसुद्धा द्यायचं नसतं. थेरं कशाला, याचं उत्तर हे.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मेसेजमध्येही नाही आणि कचेऱ्यांतही कुणी आपणहून सांगत नाही. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला जेवणाच्या सुट्टीखेरीज दोन जादा सुट्ट्या मिळाल्या पाहिजेत. जिथं ५० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा, जेवणाची सुट्टी धरून, तिथं जाऊ दिलं पाहिजे. २०१७ च्या दुरुस्तीनुसार नेमणुकीच्या वेळीच हे सगळे लाभ लेखी कळवायचे होते. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, पण तिच्यातही या सुट्ट्या आणि पाळणाघर कायम आहेत. कायद्यात शब्द ‘बाळाला पाजण्यासाठी’ असे आहेत, पंप असा शब्द नाही. बाळ वीस-पंचवीस किलोमीटरवर आज्जीकडे असेल तर त्याच सुट्ट्या दूध काढायला मागणं रास्तच आहे. मी एका कचेरीत होते तिथं मला जुन्या फायलींची खोली मिळाली, पण कडी बाहेरून. आत बसून दाराला खुर्ची लावायची आणि पायाने ती धरायची. अशानं पान्हा फुटत नाही. म्हणून अर्जात नेमकं लिहा: आतून कडी लागणारी जागा, एक खुर्ची, हात धुवायला पाणी, शक्य तर फ्रिजचा एक कप्पा. संडास ही जागा नव्हे, तिथं आपण आपलं जेवणही उघडत नाही. अर्ज मराठीत लिहिला तर एक प्रत कन्नडमध्ये जोडा, म्हणजे ‘समजलं नाही’ म्हणायला जागा उरत नाही. पोच घ्या. तोंडी मागितलेलं आमच्याकडे वाऱ्यावर जातं.

हे सगळं पगारपत्रकावर नाव असलेल्यांचं झालं. निपाणीत घरी बसून विडी वळणारी, वडगाव-शहापुरात मागावर बसणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, यांना ना रजेचा कागद ना पाळणाघराची खोली. ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ नावाची सरकारी पाळणाघरं सुरू झाली आहेत. आपल्या पंचायतीत आहे का ते विचारून बघावं. आणि पंप नसला तरी दूध हाताने काढता येतं. हात साबणाने धुवा, तंबाखूत काम असेल तर कोपरापर्यंत, आणि पदर बदला. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, सोडायचं. कातडीवर बोटं घासायची नाहीत. धार थांबली की बोटं थोडी फिरवून पुढची जागा. पहिल्या काही मिनिटांत थेंबच येतात, मग धार लागते. दोन्हीकडे मिळून वीसेक मिनिटं लागतात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना किंवा आशाताईंना एकदा समोर करून दाखवायला सांगा, हे वाचून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट बघून कळतं.