पहाटे साडेपाचची खोटी कुस्ती

मंगळवारी पहाटे साडेपाचला नाशकात जागे असणारे लोक ठरलेले असतात. दूधवाले, पेपर टाकणारी पोरं, रामकुंडावर स्नानाला आलेले भाविक, डॉक्टरांनी दम दिल्यामुळे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या मारणारे काका, आणि आम्ही. पहिल्या चार गटांबद्दल समाजात आदर आहे. आमच्याबद्दल नाही, कारण आम्ही डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे अमेरिकेतली नाटकी कुस्ती, बघायला उठलेलो असतो, तेही वयाची चाळिशी ओलांडून.

वेळेचं गणित समजून घ्या, म्हणजे छळ किती पद्धतशीर आहे ते कळेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सोमवारी रात्री आठला त्यांचा दर आठवड्याचा शो, रॉ, सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे मंगळवारची पहाट, साडेपाच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्यामुळे हिवाळ्यात तोच रॉ साडेसहाला लागतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येत असताना मिळणारी ही तासभराची जास्तीची झोप आम्हाला अमेरिकी सरकारकडून मिळते. शुक्रवारचा स्मॅकडाउन आपल्याकडे शनिवारी पहाटे. मोठे शो याहून क्रूर. २०२५ चं रेसलमेनिया लास व्हेगासला झालं ते आपल्याकडे रविवारी आणि सोमवारी पहाटे साडेचारला. ऑगस्टमधला समरस्लॅम साडेतीनला, आणि तोही पहिल्यांदाच दोन रात्रींचा. साडेतीन ही वेळ उठायचीही नव्हे आणि झोपायचीही नव्हे. त्या वर्षी एकदा कृपाही झाली. ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातल्या पर्थला शो होता आणि तो आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेपाचला लागला. चहा आणि चिवडा घेऊन, माणसात बसून बघता आला.

आता शहाणी माणसं विचारतात, एवढं कशाला उठायचं? १ एप्रिल २०२५ पासून हे सगळं नेटफ्लिक्सवर आहे, संध्याकाळी जेवताना बघा की. यांना निकाल फुटणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. सकाळी नऊपर्यंत निकाल दडवून ठेवायचा तर आधी रेसलिंगच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांना म्यूट करायचं. मग यूट्यूबची सूचना बंद, कारण तिथल्या व्हिडिओच्या चित्रावरच जिंकलेला पैलवान पट्टा उंचावून उभा असतो. इन्स्टाग्राम उघडायचंच नाही. गूगलच्या बातम्यांना तर हातही लावायचा नाही, कारण तुम्हाला काय आवडतं हे त्याला तुमच्या बायकोपेक्षा जास्त माहीत असतं. एवढं करून संध्याकाळी शो लावला तरी खालची पट्टी घात करते. मुख्य सामना सुरू झाला, चित्त झाल्यासारखं वाटतंय, पंचाचा हात दोनदा आपटलाय, आणि पट्टीवर अजून बावीस मिनिटं शिल्लक आहेत. म्हणजे तिसऱ्यांदा हात पडणार नाही हे झालंच उघड. यावर उपाय एकच, स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटपट्टीने कागद लावायचा. घरातले काय म्हणतील ते म्हणोत.

तर पहाटे उठणं हे झालं शारीरिक कष्ट. खरा छळ नंतर सुरू होतो. रविवारी शो साडेआठ-नऊला संपतो, म्हणजे नाशकात मिसळीची वेळ. तर्रीवर फरसाण पडायच्या आत समोरचा विचारतो, "काय रे, डोळे लाल का?" खरं कारण सांगितलं की पापडाचा तुकडा मोडत तो तो प्रश्न टाकतो. "अरे पण ते खोटं असतं ना?"

हो दादा, निकाल ठरलेला असतो. हे कंपनीनेच कित्येक वर्षांपूर्वी जाहीरपणे मान्य केलेलं आहे, तुम्ही काही भांडाफोड केलेला नाही. नाटकाला गेल्यावर तिसऱ्या अंकात मेलेला नायक नंतर विंगेत चहा पितो, म्हणून कुणी बुकिंग ऑफिसात पैसे परत मागत नाही. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. ते नीट केलंय की गचाळ? त्यावर मी तासभर बोलू शकतो, आणि म्हणूनच कुणी विचारत नाही.

नीट म्हणजे काय ते जरा जवळून बघा. डब्ल्यूडब्ल्यूईचं रिंग वीस बाय वीस फुटांचं. खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. गादी नावाला. खाली मायक्रोफोन असतो, त्यामुळे आपटण्याचा आवाज मोठा येतो, पण आपटणं काही आवाजापुरतं नसतं. पाठीवर पडताना हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, हात अंगापासून लांब पसरून तळवे आपटायचे, म्हणजे मार पाठीच्या रुंद भागावर वाटला जातो. मागे वळून बघितलं तर डोकं झटका खाऊन आपटतं. घाबरून हात मागे टेकला तर मनगट गेलं. आपल्या नाशिककरांना हे इतकं समजवावं लागू नये. रंगपंचमीला शनि चौकातल्या नाहीतर दिल्ली दरवाजाच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा मारणारा पोरगा नेमकं हेच करतो. अंग पसरून असा पडतो की काठावरचे भिजले पाहिजेत आणि याला काही झालं नाही पाहिजे. फक्त रहाडीत पाणी असतं. इथे फळी असते, आणि धप्पा एका रात्रीत वीसदा.

मग आहे काय खोटं? सुपरकिकचा आवाज. पाय समोरच्याच्या हनुवटीकडे जातो त्याच क्षणी मारणाऱ्याचा हात स्वतःच्या मांडीवर पडतो, आवाज तो. एकदा दिसलं की आयुष्यभर दिसत राहतं, त्याबद्दल आधीच माफी मागतो. सुप्लेक्समध्ये, म्हणजे उचलून मागे आपटायच्या डावात, उचलणाऱ्याची ताकद निम्मी आणि उचलून घेणाऱ्याची उडी निम्मी. शंभर-सव्वाशे किलोचा गडी मनात आणेल तर जागचा हलणार नाही. डोकं बगलेत धरून दोघं निवांत पडलेले दिसतात तेव्हा पुढचे डाव कुजबुजत ठरत असतात. पंचाच्या कानात यंत्र असतं. पडद्यामागून "चार मिनिटं उरली" असा निरोप येतो, आणि पडलेल्याचा हात उचलून बघायच्या निमित्ताने पंच तो पोचवतो. त्याच पंचाने दोन्ही हातांची फुली केली की समजावं, आता खरंच लागलंय. आणि गुंथर नावाच्या पैलवानाचा चॉप, म्हणजे छातीवरचा तळहाताचा फटका, मात्र शंभर टक्के खरा. समोरच्याच्या छातीवर पाची बोटं उमटतात, रक्त साकळतं, दुसऱ्या दिवशी ती जागा काळीनिळी होते.

टेबलाचंही शास्त्र आहे. वरची फळी पातळ असते आणि वजन बरोबर मधोमध पडलं की दोन तुकडे होतात. पडणारा थोडा पायांच्या बाजूला सरकला की टेबल ताठ मानेने उभं राहतं, पैलवान घसरून खाली येतो, प्रेक्षक हसतात आणि मार दुप्पट बसतो. म्हणजे टेबल मोडलं तर कमी लागतं. हे मिसळीवर सांगून बघा, कुणाला पटत नाही.

आता गंमत ऐका. १२ जुलै २०२५ ला एल ए नाइटबरोबरच्या सामन्यात सेथ रॉलिन्स उडी मारून उतरला, गुडघा धरून बसला आणि सामना घाईघाईत संपवला गेला. पुढचे आठवडे कुबड्या. ज्यांना आतलं सगळं कळतं असे लोकसुद्धा हळहळले. २ ऑगस्टला न्यू जर्सीच्या स्टेडियममध्ये सीएम पंकने गुंथरला हरवून जागतिक पट्टा जिंकला, जल्लोष चालू होता, तेवढ्यात साहेब कुबड्या टेकत आले, कुबड्या भिरकावल्या, बॅग पंचाकडे दिली आणि पंकचा पट्टा घेऊन गेले. मनी इन द बँकची ती बॅग ज्याच्याकडे असते त्याला कधीही पट्ट्यासाठी सामना मागता येतो, हे नवख्यांसाठी. पंकचं विजेतेपद मिनिटांत संपलं. मग ११ ऑक्टोबरला पर्थमध्ये याच रॉलिन्सने कोडी ऱ्होड्सला हरवलं आणि त्या सामन्यात त्याचा खांदा खरोखर गेला. दोनच दिवसांत त्याच्याच टोळीने त्याला चोपून हाकललं आणि पुढे पट्टा रिकामा झाला. आता आमची पंचाईत बघा. गुडघा खोटा होता, त्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. खांदा खरा होता, त्यावर निम्मे म्हणत होते, "नाटक करतोय." ऑफिसात विचारणाऱ्याला उत्तर काय द्यायचं?

मला विचाराल तर गुडघ्याचं ते खोटं वर्षातलं सगळ्यात उत्तम काम. सगळ्यात गचाळ काम जॉन सीनाच्या खलनायकीचं. वीसेक वर्षं पोरांना "हार मानू नका" सांगणारा माणूस १ मार्चला टोरंटोत द रॉकच्या इशाऱ्यावर कोडीवर उलटला. अंगावर काटा आला होता. आणि पुढे? द रॉक गायब. रेसलमेनियाच्या शेवटच्या सामन्यात तो येईल म्हणून डोळे फाडून बसलो, तर आला गायक ट्रॅव्हिस स्कॉट. सीनाने पट्ट्याने डोकं फोडून सतरावं विजेतेपद घेतलं, रिक फ्लेअरचा विक्रम मोडला, आणि एवढ्या मोठ्या घटनेला सामना असा, की सोमवारी ऑफिसला जायचं आहे याची आठवण मध्येच यावी. त्याच रात्री सुरुवातीला इयो स्काय, रिया रिपली आणि बियांका बेलेअर या तिघींनी पाव तासात जे करून दाखवलं त्याच्या पासंगालाही तो पुरला नाही. समरस्लॅमच्या आदल्या दिवशी सीना पुन्हा गुपचूप सज्जन झाला. एवढी मोठी खलनायकी, तिचा शेवट असा? तरी कोडीबरोबरचा तो समरस्लॅमचा सामना झकास होता. साडेतीनला उठल्याचं सार्थक.

१३ डिसेंबरला वॉशिंग्टनला सीनाचा शेवटचा सामना झाला. गुंथरने गळा आवळला, सीना हसला आणि त्याने हात आपटून हार मानली. प्रेक्षकांनी कंपनीत कथानकं ठरवणाऱ्या ट्रिपल एचला शिव्या घातल्या. जाणाऱ्याने पडून जावं हा या धंद्याचा रिवाज आहे आणि तो चांगला आहे, हे मान्य. पण गुंथर आधीच मोठा आहे. हरायचंच होतं तर एखाद्या नव्या पोराकडून हरायचं, त्याचं दहा वर्षांचं काम झालं असतं. इथे माझं कंपनीशी भांडण आहे. हसून हार मानण्याशी नाही.

बाकी किरकोळ तक्रारी. दुसऱ्या कुणाचं प्रवेशाचं गाणं वाजलं की हातातला जिंकत आलेला सामना सोडून दरवाजाकडे बघत बसणारे पैलवान. मागून समोरचा गुंडाळतो, एक-दोन-तीन. दर आठवड्याला हेच होतं आणि दर आठवड्याला तेवढंच आश्चर्य वाटतं त्यांना. पंच एका कोपराच्या धक्क्याने पाच मिनिटं बेशुद्ध पडतो आणि नेमका तीन मोजायला जागा होतो. फिनिशरची, म्हणजे सामना संपवणाऱ्या हुकमी डावाची, तर पार किंमत गेली आहे. पूर्वी एका डावात माणूस गार व्हायचा, आता तिसऱ्या-चौथ्यानंतरही खांदा वर येतो. मग सामान्य सामन्यात एकाच डावात कुणी हरला तर वाटतं, हा आजारी आहे का? आणि कॅनव्हासवरच्या जाहिराती! पैलवान कुठे पडला यापेक्षा कुठल्या लोगोवर पडला हेच आधी दिसतं.

यावर हमखास येणारा टोला म्हणजे, "मग खरी कुस्ती बघ ना, आपली." बघतो की. २०२० मध्ये हर्षवर्धन सदगीरने नाशिकला महाराष्ट्र केसरीची गदा आणून दिली, तेव्हा उड्या मारणाऱ्यांत आम्ही होतोच. पण खऱ्या कुस्तीतलं नाट्य काही कमी आहे असं समजू नका. २०२५ च्या अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून वाद झाला, पंचांना लाथ बसली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. डब्ल्यूडब्ल्यूईत पंचाला लाथ बसते तेव्हा पुढच्या सोमवारी तो ठणठणीत उभा असतो आणि मल्लाला बंदीऐवजी विजेतेपदाचा सामना मिळतो. दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत, एवढंच.

२०२७ चं रेसलमेनिया सौदीत, रियाधला होणार असं जाहीर झालं आहे. अमेरिकेतले चाहते त्यावर खवळले आहेत आणि त्यांची कारणं योग्यही असतील. मी मात्र अगदी स्वार्थी विचार करतो. रियाधचे बरेच शो आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमाराला लागलेले आहेत. गजर नको, लाल डोळे नको, पट्टीवर कागद नको. अडचण एकच, त्या वेळी घरातले सगळे जागे असतात आणि टीव्ही एकच आहे.