तीन नळ्या आणि एक अंगठा

रायफल (एकच गोळी उडवणारी) आणि शॉटगन (छर्रे उडवणारी) एकाच दस्त्यावर बसवलेली बंदूक बाळगणाऱ्याला एक टोमणा हमखास ऐकावा लागतो: ही धड रायफल नाही आणि धड शॉटगनही नाही. गेली अकरा वर्षे माझ्याकडे अशी एक तीननळी आहे. हा टोमणा मारणाऱ्या बहुतेकांनी अशी बंदूक चांदमारीच्या मैदानावर हाताळलेली असते, ती घेऊन दिवसभर रानात पायपीट केलेली नसते, असे माझे निरीक्षण आहे. तरीही या बंदुकीवर घेण्यासारखा खरा आक्षेप एक आहेच आणि तो अचूकतेचा नाही. कोणती नळी उडणार हे ठरवणारा खटका अंगठ्याखाली असतो, आणि त्या अंगठ्यावर माणूस गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकतो. आजची पोस्ट मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधी बंदुकीची ओळख करून देतो. वर शेजारीशेजारी छर्ऱ्यांच्या १६ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) दोन गुळगुळीत नळ्या आणि त्यांच्या खाली मधोमध ७×५७ आर या काडतुसाची, आतून आटे पाडलेली रायफलची नळी, अशी तिची रचना आहे. जर्मन भाषेत ‘ड्राय’ म्हणजे तीन, त्यावरून अशा बंदुकीला ‘ड्रिलिंग’ म्हणतात. चार नळ्यांची असेल तर ‘फिअरलिंग’. काडतुसाच्या नावातला ‘आर’ म्हणजे जर्मन ‘रांट’ (Rand), अर्थात काठ. मधून मोडून उघडणाऱ्या बंदुकीत बुडाशी बाहेर आलेला काठ असला की काडतूस नळीत नेमके टेकते आणि उडवल्यावर सहज बाहेर ओढता येते, म्हणून ही घडण. जर्मनीतले सूल आणि ऑस्ट्रियातले फेरलाख या दोन गावांच्या कारागिरांनी हे काम कलेच्या पातळीवर नेले. त्यामागे गरजही होती. मध्य युरोपातल्या शिकाऱ्यासमोर एकाच फेरीत ससा, फेझंट पक्षी, रो जातीचे हरीण आणि रानडुक्कर यांपैकी काहीही येऊ शकत होते आणि खांद्यावर बंदूक मात्र एकच मावत होती.

पुढे काय येणार हे ज्यांना अजिबात ठाऊक नसते, त्यांनीच ही बंदूक पुन्हा पुन्हा निवडली आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने उत्तर आफ्रिकेवर उडणाऱ्या वैमानिकांसाठी जे. पी. साउअर अँड सोन या कारखान्याकडून एम ३० नावाची ड्रिलिंग बनवून घेतली. दोन नळ्या १२ बोअरच्या आणि खालची ९.३×७४ आरची. अमेरिकी हवाई दलाची एम ६ ही घडी होणारी बंदूक होती: वरची नळी पॉइंट २२ हॉर्नेट या रायफलच्या काडतुसाची आणि खालची पॉइंट ४१० या छर्ऱ्यांच्या काडतुसाची. तिला नेहमीचा चाप नव्हता. जाड हातमोजे घालूनही दाबता यावी अशी लांब पट्टी होती. मार्च १९६५ मध्ये व्होस्खोद २ हे सोविएत अंतराळयान ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर रशियातल्या पर्मच्या बर्फाळ जंगलात उतरले आणि अलेक्सेई लिओनोव व पावेल बेल्यायेव या अंतराळवीरांना तिथे दोन रात्री काढाव्या लागल्या. असा प्रसंग पुन्हा आला तर हाताशी असावे म्हणून पुढे सोविएत अंतराळवीरांसोबत टीपी ८२ हे तीननळी पिस्तूल जाऊ लागले. त्याच्या वरच्या दोन नळ्या छर्ऱ्यांच्या आणि खालची ५.४५ मिलिमीटरच्या गोळीची होती, तर सुटा होणारा दस्ता कोयत्यासारखा वापरता येत असे. जीव वाचवण्याचा प्रश्न आला तेव्हा अशा लोकांनी ‘धड ना हे, धड ना ते’ म्हणून ती बाजूला ठेवली नाही, हे टोमणा मारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता खटक्याकडे येतो. माझ्या बंदुकीत दस्त्याच्या मानेवर एक सरकता खटका आहे. तो मागे असला की पुढचा चाप उजवी छर्ऱ्याची नळी उडवतो आणि मागचा चाप डावी. खटका पुढे सरकवला की तोच पुढचा चाप रायफलची नळी उडवतो आणि त्याच क्षणी वरच्या दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीतून नखाएवढी नेमपट्टी उभी राहते. घडणाऱ्याची ही कल्पना मला आजही मोहवते. बंदूक स्वतःच नजरेसमोर सांगत असते की मी आता रायफल आहे. फक्त पाहणाऱ्याने पाहायला हवे.

तिसऱ्या वर्षी मी ते पाहिले नाही. सकाळचे दोन तास एका हरणाच्या मागावर गेले होते, खटका पुढे होता, आणि हरीण झाडीत शिरल्यावर मी बंदूक सेफ्टीवर (चाप अडवणाऱ्या कळीवर) टाकून परत निघालो. खटका मागे घेण्याचे काम ‘पुढच्या वळणावर करू’ म्हणून राहिले असेल, किंवा मनातही आले नसेल. आता सांगता येत नाही. नांगरलेल्या शेताच्या कडेला पायाजवळून ससा उठला. सेफ्टी काढणे, दस्ता खांद्याला लावणे, सशाच्या पुढे नळी नेऊन चाप ओढणे, हे सगळे हाताने केले. डोक्याला विचारलेच नाही. छर्ऱ्यांच्या बाराचा जड धक्का अपेक्षित होता आणि कानात आला तो रायफलचा चिरका आवाज. सशाच्या वीतभर मागे ढेकूळ फुटले आणि मातीचा फवारा उडाला. ससा गेला. नेमपट्टी माझ्या डोळ्यांसमोर उभी होती आणि मी तिच्यावरून पलीकडे पाहत होतो.

समोरची जमीन चढाची होती, गोळी मातीत गेली, कोणालाही इजा झाली नाही. तिथे सपाट रान असते तर? छर्रे काहीशे मीटरांच्या आत पडतात. रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. पळत्या सशावर छर्रे मारताना आपण मागच्या बाजूचा जेवढा विचार करतो, तेवढा रायफलच्या गोळीला मुळीच पुरत नाही. त्या दिवशी मी बंदूक रिकामी करून घरी गेलो आणि पुढचा पंधरवडा तिला हात लावला नाही.

म्हणूनच माझे मत असे झाले आहे की अशी बंदूक निवडताना नळ्यांच्या आधी खटका तपासावा. अमेरिकेत १९५० पासून विकल्या गेलेल्या सॅव्हेज मॉडेल २४ मध्ये नळी निवडण्याचे बटण आधी बंदुकीच्या कुशीला होते, नंतर ते बाहेरच्या घोड्यावरच आले. घोडा चढवायला अंगठा तिथे जातोच, त्यामुळे कोणती नळी लागली आहे ते बोटाला समजते. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याहून पुढचा टप्पा म्हणजे रायफलच्या नळीची कमान वेगळी, अंगठ्याने मुद्दाम चढवण्याची सोय. ती चढवल्याखेरीज ती नळी उडतच नाही आणि चढवायला थोडे बळही लागते. नव्या माणसाने हीच सोय असलेली बंदूक घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. मी स्वतः जुनीच वापरतो, कारण अकरा वर्षांत तिची सवय हाताच्या हाडात गेली आहे. पण हे कारण नव्या माणसाला लागू पडत नाही.

अचूकतेबद्दल थोडक्यात सांगतो. माझ्या बंदुकीच्या तिन्ही नळ्या एकमेकींना झाळलेल्या आहेत. खालची नळी तापली की ती लांब होऊ पाहते, वरच्या थंड नळ्या तिला धरून ठेवतात आणि सगळा जुडगा तोंडाशी किंचित वर वाकतो. त्यामुळे लागोपाठ झाडलेल्या गोळ्या कागदावर एकीच्या वर एक चढत जातात. मैदानावर ही बंदूक बदनाम होते ती इथेच. पण रानात पहिली गोळी नेहमी थंड नळीतून जाते, आणि माझ्या बंदुकीची पहिली गोळी शंभर मीटरवर वर्षानुवर्षे त्याच जागी लागत आली आहे. चाचणी घ्यायची तर दोन बारांमध्ये नळी हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे. दस्त्याची अडचण मात्र खरी आहे: दुर्बिणीसाठी गाल उंच हवा आणि छर्ऱ्यांसाठी खाली. तिच्यावर पूर्ण उपाय मला सापडलेला नाही. मी दुर्बीण काढता येणाऱ्या आकड्यांवर बसवली आहे आणि ती बहुतेक वेळ पिशवीत असते.

जुनी बंदूक विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट अधिक विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. पूर्वीच्या अनेक १६ बोअर बंदुकांचे चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, ६५ मिलिमीटरचे आहे आणि आजची काडतुसे सहसा ७० मिलिमीटरची येतात. घात असा की ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसते, कारण हा आकडा उडवून उलगडलेल्या काडतुसाचा असतो आणि न उडवलेल्याचे तोंड दुमडलेले असते. बार उडाला की ते तोंड अरुंद जागेत उलगडते, छर्ऱ्यांची वाट चिंचोळी होते आणि दाब वाढतो. ८ मिलिमीटरच्या जुन्या रायफल नळ्यांचेही तसेच. ८×५७ च्या जुन्या नळ्या .३१८ इंचांच्या गोळीसाठी आहेत आणि नंतरच्या .३२३ साठी, आणि जाड गोळी बारीक नळीतून उडवणे जिवावर बेतू शकते. पोलादी छर्रे तर जुन्या घट्ट चॉकच्या (तोंडाशी अरुंद केलेल्या) नळीत घालूच नयेत. नळीवर कोरलेले आकडे वाचल्यावरही बंदूक एकदा जाणत्या कारागिराकडून मोजून घ्यावी.

मागच्या महिन्यात एका तरुण परिचिताने नवी ड्रिलिंग घेतली. त्याला मी खरी काडतुसे काढून फक्त न उडणारी सराव-काडतुसे भरलेल्या बंदुकीने रोज पन्नास वेळा एकच गोष्ट करायला सांगितली आहे: खटका पुढे घ्यायचा, उभी राहिलेली नेमपट्टी पाहून तोंडाने ‘गोळी’ म्हणायचे, खटका मागे घ्यायचा, पट्टी झोपलेली पाहून ‘छर्रे’ म्हणायचे. पहिल्या आठवड्यात त्याला हे पोरकट वाटले. काल मी त्याच्यासोबत रानात चाललो होतो, आणि हरणाची वाट सोडून आम्ही मोकळ्यावर आलो तेव्हा माझ्या मागून, अगदी हळू आवाजात, ‘छर्रे’ असे ऐकू आले.