खारं वारं तांबं खातं, प्लास्टिक नाही

गणपती महिन्यावर आले की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास सुरू होतात. चाकरमान्यांचे फोन, आणि व्हॉट्सॲपवरचा तो वायरींचा मेसेज. यंदा तो मला सात जणांनी पाठवला, त्यातल्या तिघांनी खाली ‘खरं का रे?’ असंही विचारलं. देवगड ते मालवण या पट्ट्यात घरांचं वायरिंग करण्यात माझी तेवीस वर्षं गेली. सातांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मेसेज लांबलचक आहे. गाळीव माल असा: किनाऱ्यावर पीव्हीसीची वायर लावूच नका, खारी हवा तिचं प्लास्टिक दोन-तीन वर्षांत खाऊन टाकते. इंग्रजांच्या वेळची रबराची वायर शंभर वर्षं टिकते, अगदी समुद्रातसुद्धा टिकली. घ्यायचीच तर ‘एफआर’, म्हणजे आगरोधक म्हणून विकतात ती घ्या, ती पेटत नाही. आवरण जेवढं जाड तेवढी वायर चांगली. बाहेर काळी वायर टाका, काळ्याला ऊन बाधत नाही. आणि सगळ्यांत भारी एक्सएलपीई, म्हणजे खास पॉलिथीनच्या आवरणाची वायर, ती कुठेही चालते आणि तिला उंदीर तोंड लावत नाही.

यातलं काही अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं.

‘खारी हवा पीव्हीसी खाते’

गेल्या वर्षी देवबागला एका घरी गेलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये चिंचोळी वाळू. खाऱ्या हवेची परीक्षा घ्यायची तर याहून चांगली जागा नाही. दिवे लुकलुकत होते, पडवीतला स्विच तापत होता, पावसाची सर आली की आरसीसीबी, म्हणजे करंट झिरपला की वीज तोडणारा स्विच, पडत होता. मालकांनी हाच मेसेज वाचून अख्ख्या घराची वायर बदलायची ठरवलेली. म्हटलं, आधी बोर्ड तर उघडू.

स्विचच्या स्क्रूवर हिरवी भुकटी जमली होती. त्यात गेलेली लाल वायर ओल्या फडक्याने पुसली आणि बोटाभोवती गुंडाळली. आवरण मऊ होतं, भेग नाही की पांढुरकी सुरकुती नाही. टोकाचं आवरण सोललं तर आतलं तांबं काजळीसारखं काळं. आणखी दोन बोटं सोललं, तरी काळं. चार बोटं, तांबूस-काळं. वीतभर आत गेल्यावर नव्या भांड्यासारखं लखलखीत तांबं लागलं. म्हणजे खारटपणा आवरणातून आत शिरलाच नव्हता, तो तोंडातून आत शिरला होता. बारीक तारांच्या वायरीत तारांमधल्या फटी दिव्याच्या वातीसारखं काम करतात. कापलेल्या टोकाला खारट दमट हवा लागली की ती ओल आत ओढली जाते. काळवंडलेलं तांबं स्क्रूखाली नीट टेकत नाही, मग सांधा तापतो. आरसीसीबी पडत होता तो बोर्डाच्या आत साचलेल्या खाऱ्या ओलीतून करंट झिरपत होता म्हणून.

वीतभर वायर छाटली, टोकाला लग, म्हणजे धातूचं टोपण, दाबून बसवला, तोंडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली आणि बोर्ड समुद्राकडच्या भिंतीवरून आतल्या भिंतीवर घेतला. बाकी वायर आहे तीच. ट्रॉलरवर काम करणाऱ्यांना हे कधीचं ठाऊक आहे. बोटीची चांगली वायर कापून बघा, तांबं चंदेरी दिसेल, कारण त्यावर कथिलाचा मुलामा असतो. मुलामा तांब्याला देतात. आवरण तिथेही बहुधा पीव्हीसीचंच.

पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतो आणि तो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून काढतात. जे मिठातूनच जन्मलं त्याला मीठ काय खाणार, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. रसायनशास्त्राच्या मास्तरांनी कान धरला तरी निष्कर्ष तोच राहतो: मिठाचं पाणी पीव्हीसीचं काही बिघडवत नाही.

पीव्हीसीला मारते ती उष्णता. मुळात हे प्लास्टिक कडक. नळाचा राखाडी पाइप आणि वायरीचं मऊ आवरण ही एकाच घरची भावंडं. त्यात तेलकट द्रव्य मिसळून ते मऊ करता येतं, हे १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन यांना सापडलं. वायर सतत तापत राहिली की ते द्रव्य हळूहळू उडून जातं आणि आवरण पुन्हा पाइपाच्या जातीवर जातं, कडक होतं, तडकतं. साध्या पीव्हीसीच्या वायरीत तांब्याचं तापमान ७० अंशांपुढे जाऊ द्यायचं नसतं. आता मे महिन्यात पत्र्याखालचा माळा, आणि तिथून दिव्याच्या दीड स्क्वेअरच्या (दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या) वायरीवर ओढलेला गिझर, असा संसार मांडला की ‘दोन-तीन वर्षांत प्लास्टिक गेलं’ याचा अनुभव येणारच. बोल मात्र लावायचा समुद्राला.

‘रबराची वायर शंभर वर्षं टिकते’

आमच्या बऱ्याच गावांत वीजच स्वातंत्र्यानंतर आली, तेव्हा शंभर वर्षांची वायर बघितली कोणी? पण सागवानी पट्टीवर पत्र्याच्या चिमट्यांनी बसवलेली रबराची वायर अजूनही एखाद्या घरात निघते. आचऱ्याजवळच्या एका घरात मी ती काढायला गेलो तर आजी दारातच उभ्या.

“कित्याक काढतंस रे? अजून दिवे लागतत.”

“आजी, एकदा हात लावून दाखवू?”

मेन बंद केला आणि एक टोक अलगद वाकवलं. रबर तपकिरीसारखं भुरभुरून तळहातावर पडलं, आत उघडी तार. आजी काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला आत गेल्या. दिवे लागत होते ते पट्टीवर वायरीला कोणी हात लावत नव्हतं म्हणून.

रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि उजेडाने म्हातारं होतं. त्यात पक्कं करण्यासाठी घातलेला गंधक तांब्याला डसतो, म्हणून त्या काळी रबराखालच्या तांब्याला कथिलाचा मुलामा देत. समुद्रातल्या केबलची गोष्ट मात्र खोटी नाही, फक्त ते रबर नव्हतं. १८७० साली सुएझहून एडनमार्गे मुंबईला जी तारायंत्राची केबल आली, तशा केबलींवर गटापर्चाचं आवरण असे. तो मलायाकडच्या एका झाडाचा चीक. समुद्राच्या तळाशी उजेड नाही आणि गारवा कायम, तिथे तो वर्षानुवर्षं टिकायचा. तोच पडवीत टांगला तर वाळून तडकतो. पुढे समुद्रातूनही तो गेला. १९५६ मध्ये अटलांटिकखालून टेलिफोनची पहिली केबल पडली, तिच्यावर पॉलिथीन होतं.

आजचं कृत्रिम रबर वेगळं, ते उत्तम असतं. वेल्डिंगची केबल रोज फरपटत न्यायची तर रबरच हवं. भिंतीतल्या पाइपात मात्र त्याचं काम नाही.

‘एफआर पेटत नाही’

पेटते. एफआर म्हणजे आग पुढे पसरू द्यायला नाखूश असलेली. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, आणि एफआर आवरणाला जळत राहायला किमान २९ टक्के लागला पाहिजे अशी आपल्या मानकाची अट आहे. म्हणून शॉर्ट होऊन ठिणगी पडली तर ज्योत वायरीवरून चालत पुढच्या खोलीत जात नाही, जागीच विझते. हा मोठाच फायदा आहे आणि घरात एफआरच्या खालचं काही लावू नये. पण माळ्यावर सुक्या झावळ्या, रिकामी पोती आणि आंब्याच्या पेट्यांचं गवत भरलेलं असेल, आणि ते पेटलं, तर एफआर वायरही त्यात जळते. जळताना काळा धूर आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडते. आगीत माणूस बहुतेक वेळा आधी धुराने पडतो.

म्हणून पुढची पायरी एफआर-एलएसएच. धूर कमी, आणि आम्लवायू वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त नको अशी अट. त्याच्याही पुढे हॅलोजनमुक्त, म्हणजे क्लोरीनच्या जातीचं काही नसलेली वायर, तिच्यासाठी आयएस १७०४८ हे मानक २०१८ साली आलं. तिच्या आवरणात ॲल्युमिनियमचं एक संयुग ठासून भरतात, ते दोनशे अंशांच्या वर गेलं की पाण्याची वाफ सोडून स्वतःच आग गार करतं. हॉटेल, दवाखाना, मंगल कार्यालय अशा ठिकाणी मी हीच सुचवतो. मात्र या भरावामुळे तिचं आवरण पीव्हीसीपेक्षा ओल जास्त धरतं, म्हणून विहिरीवर किंवा ओल्या जमिनीत ती नको. आगीतही चालू राहणारी वायर निराळीच असते, तिच्या तांब्यावर अभ्रकाची फीत गुंडाळलेली असते. ती घराला लागत नाही.

‘आवरण जाड तेवढी चांगली’

ही थाप दुकानदारांच्या सोयीची. दीड स्क्वेअरच्या वायरीला साधारण ०.७ मिलिमीटर आवरण लागतं, ते घरातल्या २३० व्होल्टला पुरून उरतं. त्याहून जाड दिसली की मला आधी शंका येते ती तांब्याची. तांबं महाग, खडूची पूड स्वस्त. पीव्हीसीत खडू थोडाफार सगळेच घालतात, पण कोंबून घातला तर वायर जाडजूड दिसते आणि दुमडली की घडीवर पांढरी रेघ उमटते.

तपासायचं तर ओहम मोजा. दीड स्क्वेअरच्या लवचीक तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला १३.३ ओहमपेक्षा जास्त नको, म्हणजे ९० मीटरच्या बंडलाला साधारण १.२. मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब आधी एकमेकांना लावून बघा आणि तो आकडा वजा करा, नाहीतर दुकानदाराशी उगाच भांडण. एका जाड, चकचकीत, स्वस्त बंडलात मला १.९ मिळाला होता. मी ते परत केलं, पण कुणाच्या तरी घरात गेलंच असणार.

‘बाहेर काळी वायर टाका’

इथे मेसेज सत्याच्या अगदी जवळून गेला आणि चुकला. बाहेरच्या केबलचं पॉलिथीनचं आवरण काळं असतं ते त्यात दोन-अडीच टक्के कार्बनची काजळी नीट घोटून मिसळलेली असते म्हणून. ती काजळी उन्हातले अतिनील किरण स्वतः गिळते. खांबांवरून जाणारी एकत्र पिळलेली जाड काळी केबल पाहिली असेल, ती अशी. पण दुकानातली घरगुती काळी वायर काळी असते ती न्यूट्रल ओळखू यावा म्हणून. लाल-पिवळी-निळी फेज, हिरवी अर्थिंग, काळी न्यूट्रल. तो नुसता रंग.

तौक्ते वादळ १६ मे २०२१ ला आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा कितीतरी लोकांनी पंपाला किंवा मांगराला (शेतातल्या खोपट्याला) अशी काळी सुटी वायर आंब्याच्या फांदीवरून नेली. तात्पुरती म्हणून. कुणकेश्वरजवळ एक मी २०२३ मध्ये उतरवली. वरच्या, उन्हाच्या बाजूला मगरीच्या पाठीसारख्या भेगा. तीच वायर उलटी केली तर पोटाकडून नवीकोरी.

खरी गोम रंगात नाही, थरात आहे. नारळाला करवंटी असते आणि वर सोडण असतं. करवंटीने पाणी आत धरायचं, सोडणाने आपटणं, ऊन, पाऊस झेलायचा. केबलचंही तेच. आतलं आवरण विजेला धरून ठेवतं, बाहेरचं जगाचा मार खातं. पाइपात ओढायच्या सुट्या वायरीला सोडण नसतंच, कारण तिचं सोडण म्हणजे तो पाइप. तिला उघड्यावर टाकणं म्हणजे सोललेला नारळ झाडावरून खाली टाकणं.

‘एक्सएलपीई कुठेही चालते, उंदीर खात नाहीत’

आधी उंदीर. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला जे सापडेल ते कुरतडतात, चवीचा प्रश्नच नाही. एक्सएलपीईही कुरतडतात. आमच्याकडे तर घूस आणि खारही आहे. खारं वारं राहिलं बाजूला, माळ्यावरच्या निम्म्या वायरी खारीने खाल्लेल्या असतात. इलाज एकच, जाड पाइप किंवा लोखंडी तारांचं कवच असलेली केबल.

एक्सएलपीई चांगली आहे यात वाद नाही. पॉलिथीनचे लांब रेणू एकमेकांना टाचून टाकलेले, त्यामुळे तापली तरी वितळून वाहत नाही. पीव्हीसीला ७० अंश तिथे हिला ९०, शॉर्टच्या क्षणाला पीव्हीसीला १६० तर हिला २५०. खांबापासून घरापर्यंत जमिनीतून केबल न्यायची तर मी हीच घेतो. पण वर चांगलं बाहेरचं आवरण असेल तरच. काजळी नसलेली एक्सएलपीई उन्हात टिकत नाही, आणि आगीला ती पीव्हीसीपेक्षा लवकर बळी पडते. शिवाय वायरीला ९० अंश चालले म्हणून तिच्या टोकाच्या स्विचला चालत नाहीत.

आणि ‘कुठेही’ म्हणणाऱ्यांनी जोड विसरू नये. पाण्यातल्या पंपाला चपटी तीन तारांची केबल येते, बहुतेक पीव्हीसीचीच, आणि ती वर्षानुवर्षं पाण्यात सुखाने राहते. धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी मी एका वाडीतल्या विहिरीवर जोड मारला, घाईत, नुसत्या पीव्हीसी टेपवर, आतून चिकट थर न देता. मृगाच्या पहिल्या पावसात पाणी दोन हात वर आलं आणि पंप बंद. मेगर, म्हणजे आवरण तपासायचा मीटर, लावला तर काटा शून्यावर. केबल ओढून काढली. शंभर फूट आवरण धडधाकट, आणि माझ्या टेपच्या कडेतून पाण्याचा एक थेंब बाहेर आला. तो तुकडा अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत, पक्कडीच्या शेजारी पडलेला असतो.