जुन्या कॉम्प्युटरचं नेट कोणी ‘वरून’ बंद करत नाही

नागपुरात मनीषनगरपासून महालापर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. सारांश असा : दहा वर्षांहून जुन्या कॉम्प्युटरचं नेट बंद पडलं, तर ते कंपनीने ‘वरून’ बंद केलेलं असतं. राऊटरमागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा. नाही जमलं तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) गूगलचा, म्हणजे ८.८.८.८ टाका. तरीही नाही, तर फॉर्मॅट मारा. तेही फसलं तर मदरबोर्ड गेला समजा आणि मशीन भंगारात द्या. खाली ‘जनहितार्थ’ आणि हात जोडलेले.

आधी ते ‘वरून बंद’ प्रकरण. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. याचा अर्थ सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद झाले, एवढाच. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मलाही मान्य आहे. पण घरात आलेल्या वायरीशी या तारखांचा काडीचा संबंध नाही.

मग साइट का उघडत नाहीत? पहिला संशयित घड्याळ. स्क्रीनवर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं आलं की लोक व्हायरस शोधत बसतात. खाली कोपऱ्यातल्या तारखेकडे कोणी बघत नाही. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची तीन व्होल्टची बटण बॅटरी असते. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत तिला फारसं काम नसतं; तो बंद झाला की आतलं घड्याळ तिच्यावर चालतं. आपल्याकडे वीज कडाडायला लागली की घरातली मोठी माणसं पहिले बोर्डाचे स्विच पाडतात, आणि ते बरंच करतात. उन्हाळ्यात गावी जाताना तर मेन स्विचच बंद. बॅटरी संपलेली असेल तर परत आल्यावर कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे गेलेला असतो. साइट खरी असल्याचा दाखला म्हणजे तिचं प्रमाणपत्र; त्याला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. मशीनच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून निघालेलंच नसतं, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. विंडोज नेटवरून वेळ जुळवून घेतं खरं, पण फरक फार मोठा असेल तर तेही नकार देतं. तारीख हाताने नीट करा, बॅटरी बदला. कित्येक घरांत दुरुस्ती इथेच संपते.

तारीख बरोबर असूनही काही साइट उघडतात आणि काही नाही, असं असेल तर बहुधा मूळ प्रमाणपत्रांची यादी, म्हणजे ज्यांच्या भरवशावर मशीन साइटचे दाखले खरे मानतं ती, जुनी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि जगभरातली कितीतरी जुनी यंत्रं एका दिवसात अडली. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत घेऊन येतो, म्हणून त्याच मशीनवर तो चालून जातो. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची ११५ त्यावर चालते. वरून बंद केलेल्या नेटवर ही साइट उघडते अन् ती उघडत नाही, असं कसं होईल बाप्पा?

आता ती पिन. राऊटर बंद करून मिनिटभराने चालू करणं वेगळं आणि भोकातलं बटण दाबणं वेगळं. ते बटण दाबलं की कंपनीच्या माणसाने भरलेलं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. एका कॉम्प्युटरवर नव्हतं ते नेट आता घरातल्या मोबाइलवर आणि टीव्हीवरही नाही, आणि माणूस यायला सोमवार उजाडणार. खरं तर घरातल्या मोबाइलवर त्याच राऊटरवरून नेट चालू असेल, तर राऊटरला हात लावायचं कारणच नसतं.

डीएनएसचा सल्ला अर्धा खरा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्ट नावाच्या काळ्या खिडकीत पिंगची आज्ञा (ping 8.8.8.8) देऊन ८.८.८.८ कडून उत्तर येतंय का बघा. उत्तर येतंय, पण नावाने साइट उघडत नाही, तर डीएनएस बदलून उपयोग होतो. उत्तरच नसेल तर तो आकडा कुठेही टाका, फरक शून्य. त्याच खिडकीत आयपीकॉन्फिग (ipconfig) दिलं आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर कॉम्प्युटरला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. मग वायर बघा. गच्चीवरून आणलेली लॅन केबल मे महिन्यातल्या पंचेचाळीस डिग्रीत तडकते. उरलेलं काम उंदीर करतात.

नवा राऊटर आल्यापासूनच वायफाय गेलं असेल तर गोष्ट आणखी साधी. जुन्या वायफाय कार्डांपैकी बरीच फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात आणि डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत त्यांना कळत नाही. राऊटरमध्ये २.४ चं वेगळं नाव द्या, सुरक्षा त्याआधीची डब्ल्यूपीए२ ठेवा.

फॉर्मॅटचा सल्ला मात्र मला सगळ्यात घातक वाटतो. त्यात फोटो आणि टॅलीचा डेटा जातो हे तर आहेच. पण जुनं विंडोज नव्याने टाकलं की अनेकदा लॅन कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअरच नसतं. ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा, आणि नेट त्या ड्रायव्हरशिवाय नाही! फुकटचे अँटिव्हायरस काढून टाकल्यावर किंवा व्हायरस साफ केल्यावर नेट गेलं असेल, तर बहुधा विंडोजची विनसॉक नावाची जोडणी बिघडलेली असते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडून नेटएसएच विनसॉक रिसेट (netsh winsock reset) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ही सोय आहे. सोबत इंटरनेट ऑप्शन्समध्ये प्रॉक्सीची (नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवण्याची) खूण नकळत राहिली आहे का तेही बघा.

राहिला मदरबोर्ड. विजेच्या झटक्याने लॅनचा पोर्ट जळतो, हे खरं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राऊटरच्या अडॅप्टरमधून आणि पुढच्या लॅन केबलमधून येते. चांगली केबल लावूनही पोर्टाजवळचा दिवा लागत नसेल आणि राऊटरचा दुसरा पोर्टही करून झाला असेल, तर तो पोर्ट गेला समजा. मदरबोर्ड नव्हे. बर्डीवर यूएसबीचा लॅन अडॅप्टर मिळतो. घेण्याआधी त्याचा ड्रायव्हर तुमच्या विंडोजला चालतो का, एवढं दुकानदाराला विचारा आणि ड्रायव्हर पेनड्राइव्हवर मागून घ्या.

आणि एवढं करूनही मशीन भंगारात द्यायचंच असेल, तर आधी हार्डडिस्क काढून घ्या. आधार-पॅनचे स्कॅन तिच्यावर पडलेले असतात. जनहितार्थ लिहायचंच होतं, तर फॉरवर्डवाल्याने निदान हे एक वाक्य तरी लिहायचं होतं.