देवासाठी म्हणून माझ्या कुंपणात हात घालणाऱ्यांनो

आज सकाळी माझ्या अनंताच्या ११ कळ्या गेल्या. अकरा! काल रात्री जेवणं उरकल्यावर टॉर्च घेऊन मी त्या मोजल्या होत्या. तीन कळ्यांचा पीळ सुटत आला होता, म्हणजे सकाळी त्या उमलणार हे नक्की होतं, आणि उठल्या उठल्या चहा घेऊन पायरीवर बसायचं असं ठरवूनच मी झोपले. पावणेसहाला दार उघडलं तर झाडाच्या रस्त्याकडच्या अंगाला एक कळी शिल्लक नाही. एक फांदी साल सोलून खाली लोंबतेय. कुंपणाबाहेर चार पानं आणि पायाखाली चिरडलेली एक कळी. चहा तसाच ठेवला आणि रडले. मग राग आला, तो अजून उतरलेला नाही.

मी पुण्यात कर्वेनगरच्या एका जुन्या गल्लीत तळमजल्यावर राहते. घरासमोर जेमतेम आठ फूट रुंदीची मातीची पट्टी आहे. तिच्यात एक अनंत, दोन जास्वंदी, एक तगर, कुंपणावर चढवलेली जुई, कोपऱ्यात पारिजातक आणि कढीपत्ता. साडेआठला कामावर निघते, परत यायला सात वाजतात. दिवसातला माझा म्हणावा असा वेळ सकाळची वीस मिनिटं. मला दुसरी कसलीही हौस नाही. रात्री घट्ट मिटलेली कळी सकाळी उघडलेली बघायची, एवढंच मला हवं असतं. आणि तेवढंच ही माणसं रोज माझ्या आधी उठून घेऊन जातात.

कोण माणसं? चांगल्या घरातली. पायात फिरायला जायचे महागडे बूट, हातात दुधाच्या पिशवीएवढी प्लास्टिकची पिशवी. एका काकांकडे तर बांबूला जाड तार वाकवून बांधलेली आकडी आहे. ती घेऊन ते फिरायला निघतात. म्हणजे घरातून निघतानाच ठरलेलं असतं की आज दुसऱ्याच्या झाडाच्या फांद्या ओढायच्या आहेत. कुंपणावरून आकडी आत घालायची, फांदी ओढायची, हाताला लागेल ते ओरबाडायचं आणि फांदी सटकन सोडून द्यायची. ती तुटली, चिरली, तिच्यावरच्या उरलेल्या कळ्या झडल्या, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही. फुल देठाशी हलक्या हाताने खुडायचं असतं हे यांना साठ-सत्तर वर्षांत कुणी शिकवलं नाही का?

या अनंताचं सांगते. आईच्या कऱ्हाडच्या घरी मागच्या दारी अनंताचं मोठं झाड होतं. जूनमध्ये पहिले एक-दोन पाऊस झाले की ते फुलायचं, आणि आई रोज एक फूल पितळी वाटीत पाणी घालून माझ्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवायची. २०१७ साली आई गेली. पुढच्या वर्षी घर विकलं. ताबा द्यायच्या आधी, जुलैत, मी त्या झाडाच्या सहा काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि एसटीने मांडीवर ठेवून पुण्याला आणल्या. सहातली एक जगली.

आणि ती जगवणं सोपं नव्हतं. अनंताला आम्लधर्मी माती लागते. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. वर्षभरात पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या. जमिनीत लोह असूनही अशा पाण्यामुळे मुळांना ते घेता येत नाही, हे मला एका रोपवाटिकेतल्या माळीदादांनी सांगितलं. मग हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणली, पालापाचोळ्याचं खत केलं, पावसाळ्यात पिंपात पन्हाळीचं पाणी साठवून ते पुरवून पुरवून घातलं. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अनंत कळ्या गाळतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये कुठे परगावी राहायला गेले नाही. लग्नाला गेले तरी रात्री परत. २०२१ च्या जूनमध्ये पहिलं फूल आलं. एकच. पहिल्या दिवशी पांढरंशुभ्र, दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचं, मग पिवळसर, आणि वास मात्र शेवटपर्यंत. ते तीनही दिवस मी ते झाडावरच राहू दिलं. तोडलंच नाही.

आता एवढ्या वर्षांनी झाड छातीइतकं झालंय, कळ्या मोजाव्यात इतक्या येतात, तर त्या मला बघायला मिळत नाहीत! अनंताला फुलं फांदीच्या टोकाला येतात. तुम्ही कळीबरोबर वीतभर फांदी ओढून काढता तेव्हा या हंगामाच्या पुढच्या कळ्याही नेता. हे चोरणाऱ्याला माहीत नसतं, आणि सांगितलं तर ऐकायचंही नसतं.

सांगून पाहिलंय ना मी! मागच्या आठवड्यात पाच-वीसला उठून बाहेर आले तर एक काकू छत्रीच्या मुठीने फांदी खाली धरून उभ्या. मी म्हटलं, "काकू, काय करताय?" दचकल्यासुद्धा नाहीत.

"अगं, देवाला घेतेय."

"विचारलंत का मला?"

"एवढ्या पहाटे तुला कुठे उठवायचं? आणि झाडावर राहून सुकणारच ना ती. देवाला वाहिली तर झाडाचं सोनं होतं."

"तुमच्या देवाला तुमच्या घरची फुलं घाला."

"आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आम्ही कुठे लावणार झाडं?"

"मग विकत आणा."

यावर त्यांचा चेहराच पडला. "दोन फुलांसाठी एवढं बोलतेस? माणुसकीच राहिली नाही," असं म्हणून त्या वळल्या आणि चालू पडल्या. पिशवीसकट. पिशवी अर्धी भरलेली होती. मी कुंपणाच्या आत, पायात चप्पल नाही, आणि माझ्या समोरून माझी फुलं चालली होती.

दोन फुलं? रोज दोन फुलं नेणारे सहा जण असतील तर माझ्याकडे काय उरतं? बरं, दोनच नेलीत असं एकदाही झालेलं नाही. तगर झाडून नेतात. तगर तर रात्रीच उमलते, पहाटे ती पांढरी चांदणी भरून असते, सहा वाजता नुसती हिरवी. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उघडतं, संध्याकाळी मिटतं, संपलं. त्या एका दिवसासाठी मी वर्षभर पिठ्या ढेकणाशी झुंजते. रविवार आला म्हणजे लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, पानांच्या खालच्या बाजूने फवारायचं, आणि जिथे पांढरा कापूस दिसेल तिथे जुना टूथब्रश. सकाळी एक शिंजीर पक्षी यायचा, जांभळा, चमकदार. जास्वंदीच्या फुलाला उलटा लोंबून मध प्यायचा. आताही येतो. या देठावरून त्या देठावर उडतो आणि निघून जातो. त्याला मी काय सांगू?

गणपतीत तर कहरच असतो. लाल जास्वंद म्हटल्यावर पहाटे चारला मोबाईलच्या उजेडात माणसं कुंपणाशी. संध्याकाळी पाहावं तर उद्याच्या कळ्याही खुडून नेलेल्या, कारण त्या घरी पाण्यात ठेवल्या तरी सकाळी उमलतात हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. माझी आई दिवस मावळल्यावर झाडाला हात लावू द्यायची नाही. झाडं झोपलीत म्हणायची. अंगणातली फुलं तोडतानाही अर्धी झाडावर राहू द्यायची. आमच्या घरातही देव आहेत, रोज पूजा होते, मी काही नास्तिक म्हणून बोलत नाहीये. उलट, त्या देवासाठीच माझा जीव जळतो. पारिजातक आणि बकुळ जमिनीवर पडलेलेसुद्धा वेचून देवाला चालतात. म्हणजे काहीही न ओरबाडता, कुणाला न दुखवता पूजा होते. माझा पारिजातक पहाटे कुंपणाबाहेर सडा घालतो, तो न्या ना खुशाल! तो वेचायला वाकावं लागतं म्हणून नको. वाकायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, विचारायचं नाही, आणि वर भक्ती.

त्यातल्या एका काकांनी मला ऐकवलं की चोरलेल्या फुलांचं पुण्य ज्याचं झाड त्यालाच मिळतं, मग तुमचं काय बिघडतं? माझं सगळं बिघडतं. मला पुण्य नकोय. मला फूल हवंय, झाडावर, माझ्या डोळ्यांसमोर.

आणि याला चोरी म्हणू नका म्हणतात! समोरच्या इमारतीतल्या वकीलताईंना मी मुद्दाम विचारलं. जमिनीत रुजलेलं झाड कायद्याने जंगम, म्हणजे हलवता येणारी, वस्तू नाही, पण त्याचा भाग तोडून वेगळा केला की तो जंगम होतो, आणि मालकाच्या संमतीवाचून नेला की ती चोरीच. आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये हे होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे. मी फुलासाठी पोलीस चौकीत जाणार नाही. पण तोंडावर चोरी म्हणणार. त्याचा ज्यांना राग येतो त्यांनी हात बाहेर ठेवावा.

पुण्यात फुलं मिळत नाहीत का? मंडईत जा, कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशींकडे जा, दहा-वीस रुपयांत फुलपुडी मिळते, दारात आणून लावतात. त्या मावशी मार्केट यार्डातून माल उचलायला अंधारात उठतात. तुमचे वीस रुपये वाचतात ते माझ्या झाडातून आणि त्यांच्या पोटातून वाचतात.

कढीपत्त्याचं तर बोलायलाच नको. दोन डहाळ्या मागितल्या तर मी चार देते. शेंडा मोडून अख्खी फांदी नेण्याचं काय कारण?

मी माझ्याकडून काय केलं नाही? पाटी लावली, "कृपया फुले तोडू नयेत, हवी असल्यास बेल वाजवावी." दुसऱ्या दिवशी त्याच पाटीच्या खिळ्याला पिशवी अडकवून एक जण दोन्ही हातांनी तगर तोडत होते. कुंपणाला हिरवी जाळी बांधली, ती ब्लेडने कापली. मागच्या पावसाळ्यात मी जास्वंदीच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या कुंड्यांत खोचल्या, दीड महिन्यात त्यांना फुटवे आले, आणि रोज येणाऱ्या तिघांना मी सांगितलं की एकेक रोप फुकट घेऊन जा, खिडकीत चार-पाच तास ऊन आलं तरी जास्वंद लागते, बारा इंची कुंडी पुरते. कुणी नेलं नाही. पाणी कोण घालणार म्हणाले. घेऊन गेली ती मागच्या इमारतीतली सातवीतली एक मुलगी, जी गणेश चतुर्थीला बेल वाजवून "काकू, पाच जास्वंदं मिळतील का?" म्हणून विचारायला आली होती. तिला मी पाच फुलं दिली, वर दूर्वाही दिल्या. यंदा तिच्या खिडकीतल्या झाडाला फूल आलं तेव्हा ती मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली. एवढं सोपं आहे हे.

शेजारच्या वहिनी म्हणतात, "जाऊ दे गं, वयस्कर माणसं आहेत, सकाळी सकाळी कशाला तोंड लागायचं." वयस्कर आहेत म्हणूनच इतकी वर्षं गप्प बसले. विचारायची रीत त्यांच्याच पिढीने आम्हाला शिकवली होती. शेजारच्या अंगणातलं बोर उचललं म्हणून माझ्या आजीने मला ते परत ठेवायला लावलं होतं, आणि वर माफी मागायला लावली होती. मी तेव्हा सहा वर्षांची होते.

लोंबणारी फांदी मी आज संध्याकाळी धारदार कात्रीने तिरकी कापली, जखमेला हळद लावली. भिंतीकडच्या अंगाला, जिथे आकडी पोचत नाही, तिथे अजून चार कळ्या आहेत. एकीचा पीळ सैल झालाय. उद्या पहाटे साडेचारचा गजर लावलाय. खुर्ची आत्ताच बाहेर नेऊन ठेवलीय, अगदी झाडाला चिकटून.