साहेबांची सही झाली की कळवतो

गेल्या महिन्यात कॅमेरूनमधल्या दुआला शहरात एका सरकारी कचेरीत माझ्या राहण्याच्या परवान्याचं काय झालं ते विचारायला गेलो होतो. (कुठली कचेरी ते विचारू नका, कार्ड अजून हातात पडायचंय.) काउंटरवरच्या गृहस्थाने फाइल उघडली, दोन पानं उलटली, बंद केली. "मस्यू, वरून आदेश यायचाय," म्हणाला आणि आणखी तीन महिन्यांची कागदी पावती माझ्या हातात ठेवली. शिक्क्याचं पॅड सुकलेलं होतं, म्हणून शिक्का दोनदा आपटला, तरी तारीख अर्धीच उमटली. त्याच्या डोक्यावर भिंतीला राष्ट्राध्यक्ष पॉल बिया यांचा फोटो. जन्म 1933 चा, फोटोत केस काळेभोर.

ट्रॅफिकमध्ये अडकून परत येताना म्हटलं, चिडून काय मिळणार? हा कारभार 1982 पासून टिकलाय, म्हणजे यात काहीतरी शास्त्र असणारच. तेव्हा एखाद्या देशावर निदान चाळीसेक वर्षं राज्य करायची ज्यांची मनीषा आहे, अशा होतकरू वाचकांसाठी कॅमेरूनमधून काही सूचना पाठवतोय.

खुर्ची शक्यतो मागू नका, कुणीतरी आपणहून देईल असं बघा. पहिले राष्ट्राध्यक्ष अहमदू अहिजो यांनी 4 नोव्हेंबर 1982 ला अचानक राजीनामा जाहीर केला आणि दोनच दिवसांत खुर्ची त्यांच्या पंतप्रधानांकडे, म्हणजे बियांकडे आली. पक्षाची सूत्रं आपल्याच हातात राहतील असा अहिजोंचा हिशोब होता. दीड वर्षाच्या आत ते परदेशात होते आणि इकडे त्यांच्या गैरहजेरीत त्यांना फाशीची शिक्षा झाली होती. 1989 मध्ये डाकारला वारले, अजून तिथेच पुरलेले आहेत. यातून काय शिकायचं? निवृत्त व्हायचं नाही.

राज्यघटना मात्र झकास लिहा. लिहायला काय जातंय? 1996 च्या घटनेत काय नाही? सेनेट आहे. घटना परिषद आहे. प्रादेशिक परिषदा आहेत. सेनेटची पहिली निवडणूक 2013 मध्ये झाली, घटना परिषद 2018 मध्ये कामाला लागली, प्रादेशिक परिषदा 2020 मध्ये निवडून आल्या. मंत्र्यासंत्र्यांनी मालमत्ता जाहीर करावी असं कलम 66 म्हणतं. त्यासाठी 2006 मध्ये वेगळा कायदासुद्धा केला. कलम ठणठणीत आहे, कुणी त्याला हात लावलेला नाही.

पण म्हणून हे सरकार संथ आहे असा गैरसमज नको. त्याच घटनेत राष्ट्राध्यक्षाला सात-सात वर्षांच्या दोनच मुदती, असंही लिहून ठेवलं होतं. ते अडचणीचं ठरायला लागल्यावर बघा कशी हालचाल झाली! फेब्रुवारी 2008 मध्ये टॅक्सीवाल्यांचा संप, महागाई आणि ही मुदतवाढ यावरून लोक रस्त्यावर आले, गोळ्या चालल्या, सरकारी हिशोबानेच 40 माणसं मेली. एप्रिलमध्ये संसदेने 157 विरुद्ध 5 मतांनी मुदतीची अट काढून टाकली. तेव्हा कुणी म्हणालं नाही, आदेश यायचाय.

निवडणुका जरूर घ्या. लोकांना बोटाला शाई लावून घ्यायला आवडतं. फक्त मतदानाच्या आधीच बरंचसं काम उरकून ठेवा. ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीला 83 जणांनी अर्ज भरले, 13 मंजूर झाले. मागच्या खेपेला दुसरे आलेले मोरीस कामतो या खेपेला बाहेर, कारण ज्या पक्षाने त्यांना उमेदवारी दिली त्याच पक्षाच्या नावावर आणखी एक उमेदवार उगवला. घटना परिषदेनेही मान डोलावली. या परिषदेचे 11 सदस्य राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने नेमले जातात, हे जाता जाता सांगितलं. सेनेटच्या 100 पैकी 30 जणही तेच नेमतात. दहाही प्रांतांचे गव्हर्नर तेच नेमतात.

प्रचाराची दगदग टाळा. उत्तरेतल्या मारुआ शहरात एक सभा पुरते, बाकी एआयने बनवलेला व्हिडिओ आहेच.

तब्येतीबद्दल बोलू देऊ नका. ऑक्टोबर 2024 मध्ये साहेब काही आठवडे दिसले नाहीत तेव्हा गृहमंत्र्यांनी माध्यमांना त्यांच्या प्रकृतीवर चर्चा करायलाच बंदी घातली. सोपा उपाय, डॉक्टरसुद्धा लागत नाही.

आता मुख्य गुरुकिल्ली. प्रत्येक कागदावर शेवटची सही तुमचीच असली पाहिजे आणि तुम्ही शक्यतो जागेवर असता कामा नये. दोन्ही एकदम जमलं की मग जगात तुम्हाला कुणी हलवू शकत नाही. मंत्रिमंडळाच्या बैठका तर बिलकूल घेऊ नका. जानेवारी 2019 मध्ये एक झाली होती, मग वर्षामागून वर्षं गेली, पुढची काही झाली नाही. एकमेकांना भेटले तर मंत्री बोलतील, बोलले तर ठरवतील, ठरवलं तर तुमची काय गरज? खाणमंत्री जानेवारी 2023 मध्ये वारले, खात्यावर प्रभारी बसवला. प्रभारी माणूस सोन्यासारखा असतो, कायम होण्याच्या आशेवर मान वर करत नाही. तुम्ही आपले निवांत स्वित्झर्लंडला जा. 2018 मध्ये शोधपत्रकारांनी जुने पेपर चाळून हिशोब काढला तेव्हा साहेबांच्या 'अल्पकालीन खासगी भेटी' बेरजेने साडेचार वर्षांच्या निघाल्या. देश मागे चालूच राहतो, कारण प्रत्येक पत्राच्या डोक्यावर एक ओळ असते: 'राष्ट्राध्यक्षांच्या अत्युच्च आदेशावरून'. आदेश खरंच त्यांनी दिला की एतूदीच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या, राजवाड्यातल्या सरचिटणीसाने दिला की आणखी कुणी, कोण विचारणार? विचारायचं तर भेट हवी, भेटीला परवानगी हवी, परवानगीला सही हवी. हे वरपासून खाली झिरपत झिरपत माझ्या काउंटरपर्यंत येतं. तो गृहस्थ काही राक्षस नाही. त्याचा साहेब प्रांताच्या साहेबाकडे बघतो, प्रांताचा राजधानी याउंदेकडे, याउंदे एतूदीकडे. त्यातला कुणीही स्वतःच्या अक्कलहुशारीने एक कागद पुढे सरकवत नाही, कारण सरकवला आणि चुकला तर नोकरी जाईल, न सरकवून मात्र आजवर कुणाची गेलेली नाही. मग बसल्या जागी करायचं काय? शेळी बांधली असेल तिथेच चरते, अशी इथली म्हण आहे. "मस्यू, एक बिअर पाजा की," असं हळूच म्हटलं जातं आणि बिअरचा भाव ठरवताना कचेरीत प्रथमच थोडी लगबग दिसते. दाराबाहेर छत्रीखाली बसलेल्या बाईकडून रेव्हेन्यू स्टँप घ्यायचे, शेजारी झेरॉक्स काढायच्या, पुन्हा आत यायचं, तोवर काउंटरवरचा जेवायला गेलेला. माझ्या मागे एक पोरगा उभा होता, विशीतला. त्याच्याकडे त्याच्याच देशाच्या ओळखपत्राऐवजी माझ्यासारखीच पावती, घामाने घड्या फाटलेली. मी परका, माझं समजू शकतो. त्याने कुणाकडे जायचं? हा पोरगा जन्मला त्याच्याही दोन दशकं आधीपासून भिंतीवर तोच फोटो आहे, आणि या देशात निम्म्याहून जास्त माणसं त्याच्यासारखी, विशीच्या आतबाहेरची आहेत!

असो. मुद्द्यावर येतो. भ्रष्टाचारविरोधी मोहीम काढायला विसरू नका. इथे 2006 पासून 'एपर्व्हिए' नावाची चालू आहे. तिच्यात माजी पंतप्रधान एफ्राइम इनोनी आत गेले, पुढेमागे राष्ट्राध्यक्षपदासाठी ज्यांचं नाव घेतलं जायचं ते माजी गृहमंत्री माराफा हमिदू यायाही गेले. फाइल प्रत्येकाची तयार ठेवावी. याच एका जातीची फाइल या देशात धावते.

शेवटची सूचना अशी की या सगळ्याला 'स्थैर्य' म्हणा, परदेशी लोक खूश होतात. आपल्याकडचेही होतात. परवा इथल्या भारतीय मंडळींच्या जेवणात मी पावतीचं रडगाणं लावलं तर एक व्यापारी सद्गृहस्थ म्हणाले, "अहो, शेजारी बघा, चाड बघा, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक बघा. इथे निदान शांतता आहे. धंदा होतोय ना?"

कसली डोंबलाची शांतता हो? बामेंडाला, इथल्या दोन इंग्रजीभाषक प्रांतांपैकी एकाच्या मुख्य शहरात, जाऊन म्हणून दाखवा. 2016 मध्ये तिथले वकील आणि शिक्षक एवढंच मागत होते, की इंग्रजी येत नाही असे न्यायाधीश आणि मास्तर आमच्या इंग्रजी कोर्टांत, शाळांत पाठवू नका. बोलणी करून महिन्याभरात मिटलं असतं. सरकारने त्यांच्या पुढाऱ्यांना तुरुंगात घातलं आणि 2017 मध्ये त्या दोन प्रांतांचं इंटरनेट 93 दिवस तोडलं. मग बंदुका निघाल्या. आज 6 हजारांहून जास्त माणसं मेलीयत, लाखो लोक घरदार सोडून पळालेत. एका टोकाला सैनिक गाव जाळतात, दुसऱ्या टोकाला फुटीरवादी शाळा बंद पाडून मास्तरांना पळवतात. हे सगळं दुआलापासून गाडीने काही तासांवर चाललंय.

आणि दुआलात तरी काय झालं? 26 ऑक्टोबर 2025 ला, निकालाच्या आदल्या दिवशी, याच शहरात निदर्शनांत चार माणसं मेली, गव्हर्नरनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी बियांना 53.66 टक्के मतं जाहीर झाली. त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी इसा चिरोमा यांना 35.19. त्या आठवड्यात तुमचीही दुकानं बंदच होती ना? तुम्ही शटर पाडून घरात बसलात, मीही बसलो. ते उघडल्यावर पुन्हा तुमचं 'स्थैर्य' सुरू! बंदरातून कंटेनर सुटावा म्हणून पाकिटं पोचवायची, मग जेवणाच्या टेबलावर 'इथे असंच असतं' म्हणून हसायचं, आणि वर या लोकांनाच लोकशाहीची लायकी नाही असं शहाणपण शिकवायचं. लायकी नाही? 1992 मध्ये याच लोकांनी, सरकारी आकड्यांनुसारसुद्धा, बियांना 40 टक्के आणि विरोधी नेते जॉन फ्रू न्दी यांना 36 टक्के मतं दिली होती. खरे आकडे काय होते यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. फ्रू न्दींना नंतर घरातच स्थानबद्ध करून ठेवलं. लोकांनी आपलं काम तेव्हाच केलं होतं, निस्तरायचं राहिलंय ते तुमच्या स्थैर्यवाल्यांचं.

ही मुदत 2032 मध्ये संपेल तेव्हा साहेब नव्व्याण्णव वर्षांचे असतील. तोवर त्या पोराला धीर धर म्हणून सांगणाऱ्यांनी त्याची पावती घेऊन सकाळी सहाला रांगेत उभं राहावं, आणि बिअर न पाजता कार्ड आणून दाखवावं.