हेडलाइटवर डासांचा स्प्रे मारू नका, तो पिवळेपणा म्हणजे मळ नाहीये

मध्यंतरी मामांचा फोन. "अरे, ते हेडलाइट पिवळे पडलेत म्हणून तू मागे लागला होतास ना, एका बाजूचा केला बघ मी, पाच मिनिटांत चकाचक!" मी विचारलं कशाने केला, तर म्हणाले डासांच्या स्प्रेने, म्हणजे डास चावू नयेत म्हणून अंगावर मारतात तो. दुसऱ्या बाजूचा करायचा तर स्प्रे संपला होता. नशीब संपला.

ही युक्ती त्यांनी घेतली ती एका व्हिडिओतून, जो गेल्या महिन्याभरात मला चार जणांनी पाठवलाय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना थोडक्यात सांगतो. त्यातला माणूस म्हणतो की हेडलाइटचा पिवळेपणा म्हणजे साचलेला मळ, तो डासांच्या स्प्रेने नाहीतर टूथपेस्टने निघतो, एकदा निघाला की कायमचा गेला, आतून वाफ धरत असेल तर मागचं रबरी झाकण काढून ठेवा, आणि तरीही उजेड कमी पडला तर जास्त वॅटचा बल्ब टाका. एवढ्या सगळ्यात अर्धी गोष्ट खरी आहे, तिच्याकडे येतो नंतर.

आधी हे मळाचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मळ असता तर साबणाच्या पाण्याने गेला असता ना? हल्लीच्या गाड्यांच्या हेडलाइटची लेन्स काचेची नसते, पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. दगड लागला तरी सहसा फुटत नाही, वजनाला हलकी, हवा तो आकार देता येतो. पण दोन गोष्टी तिला सोसत नाहीत, एक ओरखडे आणि दुसरं ऊन, म्हणजे उन्हातले यूव्ही किरण. म्हणून कारखान्यातच तिच्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक कोटिंग चढवलेलं असतं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन, रस्त्यावरची वाळू-माती आपटून ते कोटिंग विरतं, कुठेकुठे पापुद्रे सुटतात, आणि मग उघडं पडलेलं प्लास्टिकच पिवळं पडायला लागतं. म्हणजे पिवळी झालीय ती लेन्स स्वतः, तिच्यावर काही बसलेलं नाहीये.

आता तो स्प्रे. मामा मला कापड दाखवत होते, "हे बघ किती घाण निघाली." मामा, ती घाण नव्हती हो, ती तुमच्या लेन्सची कातडी होती! अंगावर मारायच्या डासांच्या बऱ्याच स्प्रेमध्ये डीट नावाचं रसायन असतं. त्वचेवर लावायला ते चालतं, पण कित्येक प्लास्टिकना आणि रंगाला ते विरघळवतं, आणि डीटवाल्या बऱ्याच बाटल्यांवर बारीक अक्षरात तशी सूचनाही छापलेली असते. लेन्सवर फवारलं की वरचा थर मऊ होतो, पुसला की कापडाला पिवळं लागतं, आणि मागे जो तेलकट ओलावा राहतो तो बारीक ओरखड्यांमध्ये भरून बसतो. लेन्स स्वच्छ दिसते ती त्या ओलाव्यामुळे. खात्री करायची असेल तर धुरकट लेन्सवर नुसतं पाणी ओतून बघा, ओली असेपर्यंत तीही छान दिसते, सुकली की पुन्हा जैसे थे. (पाणी ओतूनही धुरकटच राहिली तर खराबी बहुतेक आतल्या बाजूला आहे, मग बाहेरून कितीही घासून उपयोग नाही.) व्हिडिओत कॅमेरा नेमका त्या ओल्या क्षणाला बंद होतो, दहा दिवसांनंतर काय झालं ते कोणी दाखवत नाही.

दहा दिवसांनंतरचं मी पाहिलंय. मामांच्या लेन्सवर हात फिरवला तर चिकट लागत होती, धूळ बसली होती ती फडक्याने निघेना, आणि कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा अक्षरशः उमटला होता. टॉर्च तिरका धरला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. स्प्रेचा ओघळ खाली बंपरवर गेला होता, तिथे रंगाची चमक गेलेला पट्टा. हे सगळं एका दुपारच्या कामाचं फळ.

टूथपेस्टचं मात्र मान्य करावं लागेल, थोडंफार काम करते. तिच्यात दात घासायची बारीक पूड असते, म्हणजे ते हलकं पॉलिशच झालं, लेन्स जेमतेम धुरकट असेल तर घासून फरक पडतो. पण "कायमचा"? संरक्षण करणारं कोटिंग आधीच गेलंय, उरलंसुरलं तुम्ही घासून काढलंत, आणि नवं काहीच चढवलं नाहीत. उघडं प्लास्टिक उन्हात ठेवल्यावर काही महिन्यांत परत तेच होणार.

रबरी झाकणाचं एका वाक्यात, ते काढू नका, धूळ-पाणी आत जाऊन रिफ्लेक्टर (बल्बमागचा चकचकीत भाग) खराब होतो आणि तो घासून नीट होत नाही. हलकी वाफ धरून लाइट लावल्यावर निघून जात असेल तर तिला हात लावायची गरज नाही, पाणी साचत असेल तर सील गेलंय, ते दुरुस्त करा.

जास्त वॅटच्या बल्बचा मला खरंच राग येतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये जुन्या हेडलाइटची चाचणी घेतली होती, तर खराब लेन्समधून लो बीमला (खालच्या, जवळच्या उजेडाला) नव्याच्या फक्त २० टक्क्यांच्या आसपास उजेड बाहेर पडत होता. लेन्स नीट साफ केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे दोष बल्बचा नाहीच! धुरकट लेन्समागे मोठा बल्ब लावला की उजेड चहूकडे फाकतो, समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, आणि जादा उष्णतेने वायरिंग, होल्डर, लेन्स सगळंच तापतं. मामा रात्रीचे गाडी चालवतात, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय.

नीट करायचं तर असं: लेन्स धुवा, भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा, मग पाण्याचा पॉलिश पेपर १०००, १५००, २०००, ३००० अशा क्रमाने (आकडा मोठा तितका पेपर बारीक), पाणी सतत मारत, आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा घ्यायचा नाही. मग कंपाउंडने (घासून चमक आणणाऱ्या पेस्टने) पॉलिश, आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा नवा पारदर्शक थर, हा सोडलात तर आधीची सगळी मेहनत वाया. नंतर गाडी जमेल तेवढी सावलीत लावा, सुक्या फडक्याने धूळ पुसू नका, पेट्रोल-थिनर लेन्सजवळ आणू नका.

मामांचा दुसऱ्या बाजूचा हेडलाइट आम्ही रविवारी असाच केला, दोन तास लागले. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून लाइट लावले तर त्या बाजूला उजेडाची कड सुरीने कापल्यासारखी, आणि स्प्रेवाल्या बाजूला नुसता पिवळट डाग. त्या भेगा खोल गेल्यात, तो आता बदलावाच लागणार. ज्या ग्रुपवर मामांना तो व्हिडिओ आला होता, तिथेच त्यांनी दोन्हींचा फोटो टाकलाय, व्हिडिओच्या खालीच.